बारा जणांची सुपारी

कोल्हापुरात मिरजकर तिकटीपासून आत, दोघं शेजारी शेजारी चालले तर एकाला गटाराच्या फरशीवरून चालावं लागतं अशा बोळात आप्पांचं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. श्रावण तोंडावर आला की तिथं पाय ठेवायला जागा नसते, कारण वर्षभर कोपऱ्यात पडलेल्या पेटीचा सूर बोलत नाही हे सगळ्या भजनी मंडळांना एकाच आठवड्यात आठवतं. त्या दिवशीही आप्पांच्या मांडीवर अशीच एक पेटी उघडी होती. पट्ट्या, स्प्रिंगा, भात्याचं कातडं वर्तमानपत्रावर मांडलेलं आणि समोर स्टुलावर त्यांची नात. ही मुंबईत पियानो वाजवते आणि शिकवते. चार दिवसांसाठी आली होती. मी नेहमीप्रमाणे चहाच्या वेळेला पोचलो.

"या मास्तर, बरं झालं आलासा," आप्पा म्हणाले. "ही काय म्हणती बघा. सांग गं."

तिच्या मांडीवर वही होती. बेत असा: पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी एक नवी रचना करून घ्यायची. वीस-बावीस मिनिटांची. संगीतकार इथला, चाली इथल्या रक्तातल्या. आणि खर्च एका ऑर्केस्ट्रानं एकट्यानं करायचा नाही. पाच-सात ऑर्केस्ट्रांनी मिळून ती कमिशन करायची.

"कमिशन म्हंजे? गूळ मार्केटात अडत्याला देत्यात तसलं?"

"नाही हो आप्पा. संगीतकाराला आधी पैसे द्यायचे आणि म्हणायचं, आमच्यासाठी लिहा."

"मग सुपारी म्हण की सरळ. सात जणांत एक सुपारी."

मुंबईत सुपारी म्हटलं की लोक दाराची कडी लावतात. आमच्याकडे अजून बँडची सुपारी असते, तमाशाची असते, ऑर्केस्ट्राची तर असतेच. आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत स्टेजवर किशोर-रफीची गाणी म्हणणारा, ड्रमसेट आणि कीबोर्डवाला. व्हायोलिनं चाळीस, सनया बासऱ्या जोडीजोडीनं, समोर काठी घेतलेला एक माणूस, हा दुसरा ऑर्केस्ट्रा आप्पांनी टीव्हीवर पाहिलाय. मी एकदा मुंबईत, एनसीपीएमध्ये, खुर्चीत बसून ऐकलाय. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, 2006 साली सुरू झालेला. देशातला पूर्ण वेळ व्यावसायिक म्हणावा असा तो एकच. त्यामुळे नातीच्या वहीतल्या 'पाच-सात' या आकड्याशी मी तिथंच अडखळलो होतो. पण तिचं आधी ऐकू या म्हटलं.

"आप्पा, कॉन्चेर्तो म्हणजे एकटा वादक आणि समोर अख्खा वाद्यवृंद."

"एक पैलवान आन् समोर सगळी तालीम."

"असं म्हणा. हा पैलवान नवा डाव शिकायला तीन-चार महिने घालवतो. रोज पाच-सहा तास. एका संध्याकाळसाठी कोण घालवेल? पहिल्या प्रयोगाला पाहुणे येतात, फोटो होतात, नारळ देतात. दुसरा प्रयोग होतच नाही. कागद कपाटात जातात. नव्या रचनेचं मरण पहिल्या रात्री नसतं, दुसऱ्या रात्रीच्या नसण्यात असतं. सात जणांनी मिळून घेतली की सात प्रयोग करारातच आले."

मग तिनं करार कसा असतो ते सांगितलं. मला हा व्यवहार ठाऊक नव्हता आणि तो ऐकण्यासारखा होता. संगीतकाराचं मानधन ठरतं आणि ते भागलं जातं, सारखं नव्हे, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. जो जास्त देतो त्याला बहुधा पहिल्या प्रयोगाचा मान. बाकीच्यांना आपापल्या देशातला, आपापल्या प्रांतातला पहिला. ठरावीक मुदत संपेपर्यंत भागीदारांशिवाय दुसऱ्या कुणी वाजवायचं नाही. रचना किती मिनिटांची, वाद्यं कोणती आणि किती, कागद कोणत्या तारखेला हातात पडणार, हे आधी लिहून घ्यायचं. आणि कागद म्हणजे काय, तर संचालकापुढं असतो तो सगळ्या वाद्यांचा मोठा ग्रंथ, शिवाय दुसऱ्या व्हायोलिनचा वेगळा, तिसऱ्या भोंग्याचा वेगळा, असा प्रत्येकाचा आपापला. ते उतरवून काढणाराचे पैसे वेगळे. शेवटी छापील पानावर सगळ्या भागीदारांची नावं.

"लग्नपत्रिकेसारखी," मी म्हणालो.

"आन् मांडवात भांडणं तशीच," आप्पा म्हणाले. त्यांनी एक पितळी सूर पट्टीवरून उचलून उजेडाकडं धरला. सूर म्हणजे बोटाच्या पेराएवढी पितळेची जीभ, एका टोकाला रिव्हेटनं घट्ट, दुसऱ्या टोकाला मोकळी. "हे पालिताण्याचं. जुनं हाय, चांगलं हाय. बोल पुढं."

"परदेशात आता हेच चालतं. फिलिप ग्लास नावाचा अमेरिकन संगीतकार. त्याचा तिसरा पियानो कॉन्चेर्तो 2017 साली बॉस्टनमध्ये पहिल्यांदा वाजला. सिमोन डिनरस्टीन नावाच्या पियानोवादक बाईंसाठी लिहिलेला. पियानो आणि फक्त तंतुवाद्यं. पैसे बारा ऑर्केस्ट्रांनी मिळून दिले."

आप्पांनी सूर खाली ठेवला. त्यांना हवं ते मिळालं होतं.

"बारा? बाराभाईची शेती, काय लागंल हाती! मास्तर, सांगा हिला आपल्या गाण्याचं."

ते सांगणं मला टाळता आलं असतं तर बरं झालं असतं. मी ज्या शाळेत शिकवायचो तिच्या सुवर्णमहोत्सवाला एक गौरवगीत करायचं ठरलं. शब्द मी लिहायचे, चाल आप्पांची. समिती सात जणांची. मी तीन कडवी लिहिली. एका सभासदानं सुचवलं, संस्थापकांचं नाव हवं. दुसरा म्हणाला, मग देणगीदारांचं का नको. तिसऱ्याला पंचगंगा हवी होती, चौथ्याला महालक्ष्मी, पाचव्याचं म्हणणं मुलांना कवायतीच्या तालावर पाय टाकता आले पाहिजेत. आप्पांनी देसात सुंदर चाल बांधली होती, ती कवायतीसाठी भूपात आली आणि मग भूपातूनही बाहेर पडली. अकरा कडवी झाली. समारंभात पाहुणे सातव्या कडव्याला घड्याळ बघायला लागले.

"येकदाच वाजलं," आप्पा म्हणाले. "पुन्हा कुणी नाव काढलं न्हाई. सात जणांची सुपारी अशी असती."

"एकदाच वाजलं," नात म्हणाली, "कारण ते एकाच शाळेसाठी, एकाच दिवसासाठी केलं होतं. तुमचा देस चांगला होता ना? मग तीन शाळांनी गायला असता तर?"

मी दोघांकडं बघत राहिलो. गाणं तेच, फजिती तीच, आणि दोघं दोन टोकांनी ती ओढून नेत होते. खरं सांगायचं तर मी इतकी वर्षं आप्पांच्या बाजूनं होतो. त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की त्या गाण्याला फक्त सात तोंडांनी मारलं नाही, पुढं दुसरं तोंड मिळालं नाही म्हणूनही ते मेलं.

आप्पा मात्र हटणारे नव्हते. पेटीचा नाद लागलेल्या कोल्हापूरकराचा शेवटचा शब्द नेहमी एकच असतो.

"शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून ठेवलं. समिती नेमली हुती का? येक राजा, येक कान. संपलं."

इथं नात गप्प बसेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "महाराजांनी खाँसाहेबांना रचना सांगितली होती का हो? अमुक रागात अमुक मिनिटांचं बांधा म्हणून?"

"छ्या! असं कोण सांगंल त्यांना!"

"म्हणजे ती सुपारी नव्हती. पगार होता. गा म्हणून नव्हे, राहा म्हणून."

आप्पांनी यावर मान हलवली. होकाराची की नुसती, कळलं नाही.

"मग बेथोवेनचं ऐका. 1809 साल. त्याला दुसऱ्या दरबाराचं, कासेलचं बोलावणं आलं होतं. तो व्हिएन्ना सोडून जाऊ नये म्हणून तीन सरदार पुढं आले. आर्चड्यूक रुडॉल्फनं वर्षाला 1500 फ्लोरिन कबूल केले, किन्स्कीनं 1800, लोबकोवित्झनं 700. चार हजार झाले. अट एकच, व्हिएन्नात राहायचं. त्याच वर्षी त्यानं पाचवा पियानो कॉन्चेर्तो लिहिला. आज ज्याला 'एम्परर' म्हणतात तो. तुमचा एक राजा, त्याचे तीन. समिती तिथंही नव्हती, पण भागी होती."

"आन् पैसे मिळाले?"

आता तिला हसू आलं. मुलगी प्रामाणिक आहे. "दोन वर्षांत सरकारनं चलनाची किंमत पाडली. किन्स्की 1812 साली घोड्यावरून पडून मेला. लोबकोवित्झच्या तिजोरीला भोक पडलं. बेथोवेनला वसुलीसाठी कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या."

"म्हंजे भागी तिघांची, उधारी तीन दारांत!" आप्पा एवढे खूश झाले की त्यांनी माझ्या पाठीत थाप मारली.

"पण तिघं होते म्हणून रुडॉल्फ तरी उरला. इथं काय झालं? महाराज 1922 च्या मे महिन्यात गेले आणि खाँसाहेबांनी कोल्हापूर सोडलं. मुंबईला गेले. एक राजा, एक कान. राजा गेला की कान गेला."

हे आप्पांना लागलं. खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जीखाँ मागं राहिले होते, मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडं शिकले, हे सगळं त्यांनी मोठ्या आवाजात सांगितलं, पण ते उत्तर नव्हतं आणि ते त्यांनाही माहीत होतं. चहा आला म्हणून बरं झालं.

चहा पिता पिता तिनं आणखी एक एकट्याचा किस्सा सांगितला. पॉल विटगेनस्टाइन, ऑस्ट्रियन पियानोवादक, पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला. घरचा गडगंज. त्यानं एका हातानं वाजवायच्या रचना मोठमोठ्या संगीतकारांकडून पैसे मोजून करून घेतल्या, आणि हक्क आपल्याकडं ठेवले. प्रोकोफिएव्हनं 1931 साली लिहून दिलेला कॉन्चेर्तो त्याला पटला नाही. त्यानं तो कधीच वाजवला नाही. प्रोकोफिएव्ह 1953 साली गेला. रचना पहिल्यांदा वाजली 1956 साली, बर्लिनमध्ये, दुसऱ्याच वादकाच्या हातून. लिहिणाऱ्यानं स्वतःची रचना ऐकलीच नाही.

"त्याच विटगेनस्टाइननं रावेलला सांगितलं हुतं न्हवं? तूच मागं ऐकवलंस मला. डाव्या हाताचं."

"हो. ते 1932 साली वाजलं."

"ते झकास हाय."

"आहे."

"मग? येकट्या माणसाच्या सुपारीतनं येक झकास निघालं, येक कपाटात गेलं. तुझ्या बारा जणांच्या सुपारीतनं बारा वेळा वाजंल, पण झकास निघंल का, हे कोण सांगणार? सुपारीत सूर येत न्हाई पोरी. सूर येतो तो येतो."

हे खरं आहे. यावर तिच्याकडं उत्तर नव्हतं आणि मला वाटतं कुणाकडंच नसावं. भागीनं वेळ विकत मिळते, तालमी मिळतात, दुसरी-तिसरी रात्र मिळते. गाणं मिळत नाही.

पण हे बोलून मी वाद मिटवायला गेलो तर तीच उसळली. "तसं नाही मास्तर! मी करतो ते सूर विकत घ्यायला नाही करत!" चिडली की तिच्या तोंडून कोल्हापूर बाहेर पडतं, 'मी करतो, मी जातो' सुरू होतं, मुंबईत मुली तिला त्यावरून चिडवतात म्हणे. "तुमच्या समितीत सात जणांनी शब्दात हात घातला, चालीत हात घातला. आमच्या करारात कुणी हात घालत नाही. किती मिनिटं, किती वाद्यं, कोणती तारीख. बस्स. आत काय लिहायचं ते एकटा संगीतकार ठरवतो. पैसे बारा जणांचे, कान एकाचा."

"आन् कागद हातात आल्यावर नावडलं तर?"

"तर वाजवायचं. करार आहे."

"नावडलेलं, बारा वेळा?"

"नावडलेलं बारा वेळा वाजवलं की त्यातलं चार जणांना आवडायला लागतं, आप्पा. तुमच्या 'मानापमाना'चं तेच नाही का?"

हा डाव चांगला होता. 'मानापमान'ला आप्पा देवघरात ठेवतात. खाडिलकरांचं नाटक, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि टेंबे म्हणजे कोल्हापूरचे, त्यातून पेटीवाले. किर्लोस्कर मंडळींनी 1911 साली ते उभं केलं. दहा वर्षांनी, 8 जुलै 1921 रोजी, मुंबईच्या बालीवाला थिएटरात त्याचा संयुक्त प्रयोग झाला टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्वांची भामिनी, आमच्या केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श, एकमेकींच्या तोडीस तोड कंपन्या एका रंगमंचावर. त्या ऑक्टोबरात केशवराव वारले, तिशी नुकतीच ओलांडलेली.

"ती भागीच की आप्पा. दोन कंपन्यांची."

"अगं, ती भागी प्रयोगाची. नाटक जुनं, चाली जुन्या, लोकांच्या तोंडात बसलेल्या. तिकीट घेणाऱ्याला ठाऊक हुतं काय ऐकायला मिळणार. नव्या कोऱ्या चालीसाठी दोन कंपन्या येक झाल्या असत्या का? नावच काढू नको."

"पण 1911 साली तीही नवी कोरीच होती ना? किर्लोस्कर मंडळींनी ती पेटीत कुलूप लावून ठेवली असती, विटगेनस्टाइनसारखी, तर 1921 साली हे दोघं काय गायले असते? एका कंपनीची चाल दुसरीनं, तिसरीनं गायली म्हणून ती देवघरात गेली."

आप्पा कानस शोधायला लागले. ती त्यांच्या गुडघ्याखालीच होती.

मला माझा अडखळलेला आकडा आठवला. "हे सगळं ठीक," मी म्हणालो, "पण भागीदार कोण? अमेरिकेत गावोगाव ऑर्केस्ट्रा आहेत. आपल्याकडं एक. एकट्यानं भागी कशी करायची? आपल्या लोकांनी केलं त्याचं काय झालं बघ." आणि मी तिला अँथनी गोन्साल्विसची गोष्ट सांगितली. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे सगळ्यांना ते नाव पाठ आहे, पण ते खऱ्या माणसाचं आहे, प्यारेलाल त्याचा शिष्य. गोव्याचा हा व्हायोलिनवादक सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवायचा. 1958 साली त्यानं मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, रागांवरून वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्याच्याबरोबर गायले. पुढं तो अमेरिकेला गेला, परत आला आणि गोव्यात गप्प राहिला. कागद राहिले. वनराज भाटियांचं तसंच. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बूलाँजेकडं शिकून आलेला माणूस, पण त्याचं पोट भरलं ते जाहिरातींच्या धुनांनी आणि सिनेमांनी. आणि रविशंकरांचा सतारीचा पहिला कॉन्चेर्तो? 1971. सांगणारे लंडन सिंफनीवाले. दुसरा? न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, झुबिन मेहतांचं. सतार बनते आमच्या शेजारच्या मिरजेत आणि तिच्या कॉन्चेर्तोची सुपारी निघते लंडनहून.

"म्हणूनच," ती म्हणाली. "गोन्साल्विस एकटा होता. त्याच्या कागदांना दुसरं गाव नव्हतं. मुंबईच्या ऑर्केस्ट्रानं झाकीर हुसेनांकडून 'पेशकार' करून घेतला ना 2015 मध्ये, तबला आणि वाद्यवृंद. 2019 ला तो घेऊन ते इंग्लंडभर फिरले."

"आन् आता?" आप्पांनी विचारलं.

कुणी काही बोललं नाही. झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली त्या 16 डिसेंबर 2024 ला आप्पांनी दिवसभर दुकान बंद ठेवलं होतं.

"ते तबला ऐकायला गेले हुते लोक, पोरी. वाद्यवृंदाला न्हाई. उस्ताद गेले, आता तो कागद घिऊन कोण बसणार?"

"बसेल कुणीतरी. पण त्यासाठीच पियानो म्हणते मी. पियानोचा भाग अक्षर न अक्षर लिहिलेला असतो. कुणाच्या अंगाला चिकटलेला नसतो. कुठल्याही गावातला शिकलेला पोरगा तो उचलू शकतो."

"म्हंजे कुणाचाच न्हवे."

"म्हणजे सगळ्यांचा."

इथं मी मध्ये पडलो नाही. हा वाद पियानोचा नव्हता; लिहिलेलं संगीत आणि गळ्यातलं संगीत यांचा होता आणि तो चहाच्या एका कपात मावत नाही.

भागीदारांवर ती पुन्हा आली. अमेरिकेतल्या लहान गावांचं उदाहरण तिनं दिलं. तिथं 2005 मध्ये, ज्यांची एकट्याची ऐपत नव्हती अशा 65 छोट्या ऑर्केस्ट्रांनी मिळून जोन टॉवर या संगीतकार बाईंकडून 'मेड इन अमेरिका' नावाची रचना लिहून घेतली. पन्नासही राज्यांत ती वाजली. पहिला प्रयोग न्यूयॉर्क शहरात नव्हे, त्या राज्यातल्या ग्लेन्स फॉल्स नावाच्या, आपल्या कागलपेक्षाही लहान गावात.

"पैसे कुणी दिले?"

"गावांनी. आणि मोठा वाटा फोर्ड कंपनीच्या निधीनं."

"गाडीवाल्यानं! मग भागी कसली, देणगीदार हाय की."

"साखर कारखान्याला सभासदांचे शेअर किती आणि सरकारचं भांडवल किती, आप्पा? तरी आपण त्याला सहकारीच म्हणतो."

कोल्हापुरात बसून सहकारावर वाद घालायचा नसतो. आप्पांनी विषय बदलला. "वाजवणार कुठं? केशवराव नाट्यगृह जळलं." 8 ऑगस्ट 2024 ची ती रात्र, भोसल्यांच्या जयंतीची आदली. शाहू महाराजांनी बांधलेलं, पुढं भोसल्यांचं नाव लागलेलं पॅलेस थिएटर, खासबागेच्या मैदानाला पाठ लावून उभं. आम्ही दोघं बोळाच्या तोंडाशी उभं राहून धूर बघत होतो. "आन् पियानो? कसा आणणार?"

"मोठा कॉन्सर्ट पियानो नऊ फूट लांब. वजन 480 किलो."

"म्हंजे दहा किलोच्या रव्यांचं गणित धरलं तर गुळाचे अठ्ठेचाळीस रवे. टेंपोत मावतोय." आप्पा गणितात रमले. मग एकदम कडवट झाले. "पर मास्तर, पेटीवर बंदी घातली तेव्हा काय म्हणाले हुते? गंधार खोटा लागतो, मींड येत न्हाई. पियानोला काय मींड येती?"

ही जखम जुनी. 1940 साली रेडिओनं पेटी बंद केली, तीसेक वर्षं. त्याआधी तिच्यावर तुटून पडलेल्यांत जॉन फोल्ड्स नावाचा इंग्रज संगीतकार होता. रेडिओच्या दिल्ली केंद्रात युरोपीय संगीताचा प्रमुख, देशी वाद्यांचा एक वाद्यवृंदही त्यानं तिथं उभा केला होता. 1939 साली कलकत्त्यात वारला. आणि याच फोल्ड्सनं त्याच्या दहा वर्षं आधी पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी एक मोठी रचना लिहिली होती, 'डायनॅमिक ट्रिप्टिक'. हे मी आप्पांना सांगितलं.

"पियानोसाठी? त्यानंच?" आप्पा हसायचेच राहिले. "चोर लेकाचा."

बाहेर पाऊस वाढला. बोळातून एक पोरगं सायकल ढकलत आलं आणि दारात थांबलं. भजनी मंडळाचं होतं. पेटी झाली का विचारत होतं. आप्पा म्हणाले, अर्ध्या तासानं ये. पोरगं जाता जाता म्हणालं, "आप्पा, दादा म्हणलाय, औंदा आमी कीबोर्ड घेतलाय. पेटी त्येच्याशी जुळली पायजे. मागल्या येळंला गंधार भांडत हुता."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मघाचा तो सूर त्यांनी तंबोऱ्याशी, कानानं, लावून ठेवला होता. कीबोर्डचा गंधार, पियानोचाही, त्याहून केसभर चढा असतो. चढवायचा तर जिभेचं मोकळं टोक घासायचं. उतरवायचा असता तर रिव्हेटजवळ. एकदा घासलेलं पितळ परत येत नाही.

"तुझ्या फोनात पियानो हाय न्हवं?"

"आहे."

"गंधार दे. काळी एकचा."

तिनं पट्टी दाबली. आप्पांनी जिभेखाली पातळ पत्रा सरकवला, कानस टोकावर दोनदा फिरवली, सूर तोंडाजवळ धरून फुंकला. दोन स्वर शेजारी शेजारी थरथरले. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"तुझ्या वहीत पयला प्रयोग कुठं लिवलाय?"

"मुंबई."

"दुसरा?"

"अजून कोरं आहे."

"हितलं घाल." त्यांनी पुन्हा कानस उचलली. "परत दे गंधार."